आधी भांडं, मग स्टोव्ह: सॅकमधल्या स्वयंपाकाची पहिली खरेदी

पहिला स्टोव्ह घेताना बहुतेकजण बर्नर तळहातावर घेऊन त्याचं वजन जोखतात. मीही तेच केलं. घडी घातली की काडेपेटीएवढा होणारा, जेमतेम 25 ग्रॅमचा बर्नर घेतला आणि स्वतःवरच खूश झालो. पहिल्याच मुक्कामी त्यावर दीड लिटरचं रुंद पातेलं चढवलं. बर्नरचे तीन पाय उघडून उघडून किती उघडणार? वाटीच्या तोंडाएवढे. झाकण काढून ढवळायला गेलो, चमचा पातेल्याच्या कडेला लागला आणि अर्धवट शिजलेला भात गवतावर. त्या रात्री आम्ही दोघं बिस्किटं खाऊन झोपलो. दोष बर्नरचा नव्हता. एकट्याच्या मगासाठी केलेल्या बर्नरवर मी दोघांचा भात लावला होता.

म्हणून नव्या माणसाला मी खरेदीचा क्रम उलटा सांगतो. आधी काय शिजवणार ते ठरवा, मग त्याला लागणारं भांडं, मग इंधन आणि सगळ्यात शेवटी बर्नर.

पायरी 1: दिवसाचं पाणी मोजा

एक कागद घ्या आणि मुक्कामाच्या एका दिवसात काय काय खाणार-पिणार ते लिहा. समोर पाणी मिलिलिटरमध्ये मांडा. सकाळी चहा 250, ओट्स 250. संध्याकाळी सूप 250, जेवण 500, झोपताना काहीतरी गरम 250. झालं दीड लिटर, एका माणसाचं. हा आकडा पुढे इंधनाच्या हिशेबाला लागणार आहे, कागद जपून ठेवा.

आता त्याच यादीकडे पुन्हा बघा. यातलं किती नुसतं आधण आहे आणि किती खरंच शिजवायचं आहे? वाळवलेल्या तयार जेवणात उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवायचं असेल, तर तुम्हाला लागतं ते पाणी तापवायचं यंत्र. कांदा परतायचा असेल, भात मंद आचेवर मुरवायचा असेल, तर लागतो तो स्टोव्ह. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात, पण त्या वेगळ्या जाती आहेत. पहिल्या जातीच्या स्टोव्हवर दुसऱ्या जातीचा स्वयंपाक केला की तळाला करपतं आणि वर कच्चं राहतं.

माझा सल्ला विचाराल तर पहिले दोन-तीन ट्रेक नुसत्या आधणावर काढा. दिवसभर चालून आल्यावर अंधारात बसून परतापरती करायची हौस किती टिकते, ते तेवढ्यात कळतं.

पायरी 2: भांडं

एकट्याला 700 ते 900 मिलिलिटर, दोघांना 1.2 ते 1.5 लिटर. यापेक्षा मोठं घेतलं तर सॅकमध्ये हवा वाहून नेता. लहान घेतलं तर उतू जातं. कंपनी सांगते ती क्षमता काठोकाठची असते आणि काठोकाठ भरून काहीच उकळता येत नाही. 750 चं भांडं म्हणजे कामाचं पाणी 600, एवढंच धरा.

आकार हा बारीकसारीक मुद्दा वाटतो, पण इंधन तिथेच वाचतं. उंच, निमुळत्या मगाच्या तळाशी ज्वाला आपटते आणि बाजूंनी वर निसटून जाते. रुंद, बुटक्या पातेल्याखाली तीच ज्वाला तळावर पसरते. तेवढंच पाणी रुंद भांड्यात कमी गॅसवर उकळतं. उलट उंच भांड्यात गॅसचा डबा छान बसतो आणि ते सॅकमध्ये कमी जागा खातं. दोन्ही एकदम मिळत नाही. मी रुंदाच्या बाजूचा आहे, कारण रुंद भांड्यातून जेवताही येतं. उंच मगाच्या तळाचा घास काढताना बोटांची पेरं बरबटतात.

धातूंचं थोडक्यात असं. टायटॅनियमचं भांडं सगळ्यात हलकं आणि दणकट, पण उष्णता पसरवण्यात मंद. ज्वालेच्या बरोबर वरचा गोल जळतो आणि दोन बोटं पलीकडे अन्न थंड राहतं. पाणी तापवायला उत्तम, भाताला वैरी. अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन सगळीकडे नेतं, स्वस्तही असतं. त्यातलं हार्ड अ‍ॅनोडाइज्ड घेतलं तर पृष्ठभाग टणक असतो आणि आंबटाने लवकर बिघडत नाही. स्टील जड आहे आणि उष्णता पसरवण्यात तेही मागेच, पण दगडाने घासा, आपटा, काही होत नाही. शिकाऊ हातांना मी अ‍ॅल्युमिनियमच देईन. टायटॅनियमने वाचणारे पन्नास-साठ ग्रॅम पहिल्या वर्षी तुमच्या सॅकमध्ये कुठेही सापडतील, जास्तीचा टी-शर्ट काढलात तरी.

नॉनस्टिक लेप असेल तर चमचा लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा घ्या आणि भांडं रिकामं ठेवून स्टोव्ह पेटवू नका. तो लेप साधारण 260 अंशांच्या वर खराब व्हायला लागतो आणि रिकामं पातळ भांडं तिथवर पोचायला फार वेळ घेत नाही.

दुहेरी भिंतीचा मग चहा गरम ठेवतो म्हणून लोक तो हौसेने घेतात. घ्या, पण स्टोव्हवर कधीही ठेवू नका. दोन भिंतींच्या मधली कोंडलेली हवा तापून फुगते आणि मग फुटू शकतो.

दुकानात भांडं हातात आलं की तीन गोष्टी करून बघा. पाणी भरून मुठीने उचला: मूठ लचकते का? झाकण लावून तिरपं करा: झाकण निसटून पडतं का, पाणी गाळायला भोकं आहेत का? आणि ज्या डब्याचा गॅस वापरणार तो आत सरकवून बघा. 100 ग्रॅम गॅसचा डबा साधारण 9 सेंटिमीटर व्यासाचा असतो, 230 चा 11 च्या आसपास. काठाशी अर्धा सेंटिमीटर कमी पडला तर डबा आयुष्यभर भांड्याबाहेर राहतो.

तवा, दोन पातेली, चार वाट्या, चाळणी, घडीचे चमचे असा एकात एक बसणारा संच दिसायला मोहक असतो. एकट्या माणसाला त्यातलं एक पातेलं आणि झाकण लागतं. बाकीचं तुम्ही दुसऱ्या ट्रेकपासून घरी ठेवणार आहात.

पायरी 3: इंधन

नव्या माणसासाठी वर स्क्रू होणारा गॅसचा डबा हेच उत्तर आहे, आणि तसं का ते समजलं पाहिजे. डब्यात ब्युटेन, आयसोब्युटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण दाबाखाली द्रवरूपात असतं. कळ उघडली की द्रवाची वाफ होते आणि ती जळते. म्हणजे बाहेरची थंडी आणि या वायूंचे उत्कलनबिंदू यांचा थेट संबंध आला. साधं ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या खाली वाफच होत नाही. आयसोब्युटेन उणे 12 अंशांच्या आसपास, प्रोपेन उणे 42. मग सगळं प्रोपेनच का भरत नाहीत? त्याचा दाब इतका असतो की हा पातळ पत्र्याचा डबा तो पेलत नाही. म्हणून थोडं प्रोपेन आणि उरलेलं दुसरं काहीतरी. ते दुसरं आयसोब्युटेन आहे की साधं ब्युटेन, हे डब्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. थंडीत जाणार असाल तर ते वाचा.

आणखी एक गंमत आहे, ती पहिल्यांदा थंडीत गेल्यावर सगळ्यांना चकवते. काल संध्याकाळी भरभर पेटलेला स्टोव्ह आज पहाटे मेणबत्तीसारखा जळतो, आणि डबा हलवला तर आत इंधन डुचमळतंय. झालं असं की प्रोपेन आधी उडून गेलं, मागे राहिलं ते जडशीळ मिश्रण. त्यात वाफ होताना डबा स्वतःच गार पडतो, बाहेरून दव धरतं, कधी बर्फही. उपाय सोपा आहे. रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी घ्या आणि पेटवताना तो कोमट पाण्याच्या ताटलीत उभा करा. कोमट म्हणजे बोट सुखाने बुडवता येईल इतकंच. डब्याला 50 अंशांच्या वर तापू द्यायचं नाही, ही सूचना त्याच्यावरच छापलेली असते. लोक म्हणतात उंचीवर गॅस चालत नाही. उंचीचा दोष नसतो, थंडीचा असतो. उंचीवर हवेचा दाब कमी असल्यामुळे डब्यातल्या द्रवाची वाफ उलट थोडी सोपी होते.

डब्याचं तोंड तपासून घ्या. आटे असलेलं, स्क्रू होणारं आणि आपोआप बंद होणारी झडप असलेलं तोंड हवं. टोचून लावायचे आणि खिट्टीने अडकवायचे डबेही बाजारात असतात. तुमचा बर्नर आट्यांचा असेल तर ते निरुपयोगी.

स्पिरिटचा स्टोव्ह म्हणजे एक छोटी वाटी, त्यात मद्यार्क, वर भांडं. बिघडायला काही नाही, आवाज नाही, बर्नर दहा-वीस ग्रॅमचाही मिळतो. पण स्पिरिटमध्ये गॅसच्या मानाने ग्रॅममागे अर्ध्याहून थोडीच अधिक ऊर्जा असते, शिवाय ते सावकाश जळतं. दोन-तीन दिवसांसाठी एकूण वजन कमी भरतं, आठवड्यासाठी ते गणित उलटतं. मुख्य म्हणजे त्याची ज्वाला उन्हात दिसत नाही. विझली असं समजून पेटत्या वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतणं हा या छंदातला सगळ्यात वाईट अपघात आहे. वाटी हाताला गार लागेपर्यंत पुन्हा भरायची नाही, भूक कितीही लागो.

घन इंधनाच्या वड्या हेक्सामाइनच्या असतात. 14 ग्रॅमची एक वडी साधारण बारा मिनिटं जळते आणि वारा नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळायच्या बेताला आणते. वास येतो, भांड्याच्या बुडाला चिकट काजळी धरते. आणीबाणीला दोन वड्या जवळ असाव्यात, रोजच्या जेवणाला नकोत.

पेट्रोलजन्य द्रव किंवा रॉकेल जाळणारे, हवा मारायचे स्टोव्ह अजूनही कडाक्याच्या थंडीत आणि मोठ्या मोहिमांत लागतात, कारण त्यांचा दाब तुमच्या हातातल्या पंपातून येतो, हवामानातून नाही. या जातीचा मूळपुरुष म्हणजे 1892 मध्ये स्वीडनमध्ये लिंडक्विस्ट यांनी केलेला प्रायमस. पण आधी तापवणं, पंप, वॉशर, जेट (इंधन बाहेर पडायचं बारीक भोक) साफ करणं, पेटवतानाचा भपका हे सगळं शिकावं लागतं. पहिली खरेदी म्हणून घेऊ नका.

विमानाने जाणार असाल तर गॅसचा डबा हातातल्या बॅगेत चालत नाही आणि सामानातही चालत नाही. पोचल्यावर तिथे डबा मिळेल का, हे निघण्याआधी विचारा. काही जंगलांत कोरड्या मोसमात बंद करायची कळ नसलेल्या स्टोव्हवर, म्हणजे स्पिरिट आणि वड्यांवर, बंदी असते. तेही विचारून घ्या.

पायरी 4: आता बर्नर

इथवर आलात तर निम्मे पर्याय आपोआप गळून पडलेले असतील.

डब्याच्या डोक्यावर बसणारा साधा बर्नर 25 ते 100 ग्रॅमचा असतो. एकट्याला किंवा दोघांना, बिनबर्फाच्या मोसमात, हाच पुरतो. बघायचं ते तीन ठिकाणी. पाय पूर्ण उघडले की तुमच्या भांड्याच्या तळाचा निदान अर्धा व्यास त्यांवर टेकला पाहिजे. बर्नरचं डोकं रुंद असेल तर ज्वाला पसरते आणि अन्न करपत नाही, बारीक असेल तर मधोमध भोक पाडल्यासारखी आच लागते. आणि कळ: अगदी मंद करून बघा, ज्वाला थरथरत विझते की टिकते? दाबनियंत्रक असलेला बर्नर डबा संपत आला तरी ज्वाला एकसारखी ठेवतो. मात्र डब्यात दाबच उरला नाही तर तो बिचारा काय करणार.

बर्नर आणि भांडं एकमेकांत अडकणारी, तळाला धग धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या असलेली जोडणी 350 ते 450 ग्रॅमची असते. अर्धा लिटर पाणी अडीच मिनिटांच्या आसपास उकळते, वाऱ्याला बऱ्यापैकी दाद देत नाही, गॅस कमी खाते. नुसतं आधण हवं असेल तर ही मजा आहे. भात लावायचा असेल तर नाही.

नळीने जोडलेला, जमिनीलगत बसणारा बर्नर दीड-दोनशे ग्रॅमचा. मोठं पातेलं ढवळायला हाच ठाम. त्यातल्या काहींना ज्वालेतून जाणारी तापक नळी असते. अशा स्टोव्हचा डबा कडक थंडीत उलटा धरता येतो, म्हणजे इंधन द्रवरूपातच बाहेर येतं आणि वाफ नळीत होते. तापक नळी नसेल तर डबा उलटा करायचा नाही. द्रव थेट बर्नरला पोचून आगीचा लोळ उठतो.

बर्नरला जोडलेल्या ठिणगीच्या बटणावर विसंबू नका. ओलाव्यात आणि उंचीवर ते हमखास रुसतं. लायटर एक खिशात, काडेपेटी एक प्लॅस्टिकच्या पिशवीत.

पायरी 5: वारा आणि बंद जागा

तुमचा गॅस सगळ्यात जास्त कोण खातं? वारा. वाऱ्यात दुप्पट इंधन सहज जातं, कधी उकळीच फुटत नाही. झाकण ठेवा, दगडाच्या किंवा सॅकच्या आडोशाला बसा. पत्र्याचं आडोसा-कवच विकत मिळतं, पण एक पथ्य: डब्याच्या डोक्यावर बसणाऱ्या बर्नरला ते चहूबाजूंनी गुंडाळायचं नाही. ज्वालेची धग आत कोंडते, डबा तापतो आणि मग तो बॉम्ब असतो. वाऱ्याच्या बाजूने अर्ध्यावर लावा आणि मधूनमधून डब्याला हात लावून बघा. हाताला गरम लागला की बंद. नळीच्या आणि स्पिरिटच्या स्टोव्हला पूर्ण वेढा चालतो, कारण इंधनाचा डबा वेढ्याबाहेर असतो किंवा नसतोच.

पाऊस लागला की तंबूत स्टोव्ह पेटवायचा मोह होतो. एक धोका दिसतो: तंबूचं कापड क्षणात वितळतं. दुसरा दिसत नाही आणि त्याला वासही नाही. कार्बन मोनॉक्साइड. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणसाला वाटतं की आज चाललो फार. बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. ऊब मिळवायला तर नाहीच नाही.

पायरी 6: अंगणात रंगीत तालीम

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. गॅसचा भरलेला डबा तोला आणि मार्करने त्याच्या बुडावर आकडा लिहा. मग मोकळ्या हवेत या. आसपास ज्योत नाही बघून बर्नर हाताने आट्यांवर बसवा. सुरुवातीला क्षणभर फुस्स होतं, ते चालेल. पूर्ण बसल्यावरही आवाज किंवा वास येत असेल तर काढा आणि रबरी वॉशर तपासा. जोडावर साबणाचं पाणी लावलं की गळती बुडबुड्यांनी बोलते.

आता अर्धा लिटर पाणी, झाकण लावून, आधी मध्यम आचेवर. खळखळून उकळी फुटली की बंद करा, डबा गार होऊ द्या आणि पुन्हा तोला. फरक 7-8 ग्रॅमच्या आसपास यावा. आता तेच पूर्ण आचेवर करून बघा. वेळ थोडा वाचतो, गॅस जास्त जातो, कारण ज्वाला भांड्याच्या बाजूंनी वर पळते. बुडाबाहेर ज्वाला दिसली की ती तुमची नाही, हवेची.

आता पायरी 1 चा कागद काढा. एकट्याचं दिवसाला दीड लिटर, अर्ध्या लिटरला 8 ग्रॅम, म्हणजे 24 ग्रॅम. तीन दिवसांचे 72. वाऱ्यासाठी चौथा हिस्सा वाढवला की 90. म्हणजे 100 चा डबा, अगदी काठावर. दोघांना 180, तिथे 230 चा डबा. पाणी बर्फ वितळवून मिळवायचं असेल तर हा हिशेब फाडून टाका. शून्य अंशाचा बर्फ नुसता वितळायला जवळजवळ तितकीच उष्णता लागते जितकी तेवढंच पाणी 20 अंशांवरून उकळायला, आणि उकळणं पुढे बाकीच असतं. दुपटीहून जास्त धरा. वितळवताना तळाशी थोडं पाणी आधी घाला, नाहीतर कोरड्या बर्फाखाली भांडंच जळतं.

उंचीवर शिजवणारांसाठी अजून एक आकडा. 3000 मीटरवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला फरक पडत नाही, पण डाळीसाळीला वेळ आणि गॅस दोन्ही वाढतं. तिथे भिजवून ठेवलेलं किंवा झटपट शिजणारं न्या.

अर्धवट वापरलेल्या डब्यात किती उरलं, हे निघायच्या आदल्या दिवशी काट्यावर बघा. बुडावरचा जुना आकडा आहेच. वाटेत काटा नसेल तर डबा पाण्यात तरंगवा. भरलेला खोल बसतो, रिकामा वर उचलला जातो. एकदा घरी भरलेला आणि अर्धा असे दोन तरंगवून पाण्याच्या रेषा खुणावून ठेवल्या की अंदाज चांगला येतो.

बांधाबांध

डबा उलटा करून भांड्यात, त्याखाली फडक्याची घडी. ती घडी खडखड थांबवते, गरम मूठ धरायला येते आणि शेवटी भांडं पुसते. बर्नर त्याच्या पिशवीत डब्याच्या बाजूच्या फटीत. जेट सुईच्या टोकाएवढं, त्यात मिठाचा खडा गेला तरी ज्वाला तिरपी होते, म्हणून मीठ-साखर या भांड्यात नको. लांब दांड्याचा चमचा आत मावत नाही, तो सॅकच्या बाजूच्या खिशात. तिथेच दुसरा लायटर.